सुजलेली धमनी आणि ‘रक्त पातळ करायची’ गोळी

ताकायासू आर्टरायटिस हा महाधमनीचा आणि तिच्यातून फुटणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांचा दाहक आजार आहे. हृदयातून निघालेली महाधमनी छातीत कमानीसारखी वळते आणि मणक्याच्या पुढून पोटात उतरते. वाटेत तिला मान-मेंदूकडे, दोन्ही हातांकडे, आतड्यांकडे आणि मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या फांद्या फुटतात. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती याच नळ्यांच्या भिंतींवर उलटते. भिंत आधी सुजते, मग जाड आणि ताठ होते, आतली पोकळी अरुंद होत जाते आणि काही ठिकाणी रक्ताची वाट पूर्ण बंद पडते. काही रुग्णांत याच्या उलट घडते. कमकुवत झालेली भिंत फुग्यासारखी फुगते. मेंदूकडे जाणारी धमनी अरुंद झाली की लकव्याचा धोका उभा राहतो आणि औषधांच्या कागदावर एक ‘रक्त पातळ करायची’ गोळी येते. ती गोळी पुढे वर्षानुवर्षे चालते. ती काय करते, कोणाला द्यायची आणि कोणत्या स्थितीत तीच घातक ठरू शकते, हे रुग्णाइतकेच घरच्यांनाही माहीत असावे लागते.

आजाराला नाव मिळाले ते मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञावरून. १९०८ साली त्यांनी एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावर दिसलेली रक्तवाहिन्यांची विचित्र गुंफण जपानी नेत्रतज्ज्ञांच्या सभेत मांडली. त्याच सभेत ओनिशी आणि कागोशिमा या दोघांनी सांगितले की त्यांच्याकडच्या अशाच रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नव्हती. डोळ्यातली खूण आणि हरवलेली नाडी यांचा संबंध तिथून जुळू लागला. पुढे इंग्रजी वैद्यकात ‘पल्सलेस डिसीज’, म्हणजे नाडीहीन आजार, हे नाव रुळले.

महाराष्ट्रात या आजाराच्या अभ्यासाचा पाया परळच्या केईएम रुग्णालयात घातला गेला. फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातले पहिले हृदय-प्रत्यारोपण करणारे शल्यविशारद म्हणून प्रफुल्लकुमार सेन यांचे नाव घेतले जाते. महाधमनीच्या आजारावरचे त्यांचे कामही तितकेच मोलाचे आहे, पण ते फारसे कोणाला ठाऊक नसते. एस. जी. किनरे, एम. डी. केळकर आणि जी. बी. परुळकर या सहकाऱ्यांसह त्यांनी १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला ग्रंथ १९७३ साली प्रसिद्ध केला. त्यांनी वापरलेले ‘नॉनस्पेसिफिक एऑर्टोआर्टरायटिस’ हे नाव इतके रुजले की आजही कित्येक भारतीय डॉक्टर ‘ताकायासू’ न म्हणता ‘एऑर्टोआर्टरायटिस’ म्हणतात. विकृतिशास्त्रज्ञ असलेल्या किनरे यांनी १९७० साली या आजाराचा क्षयरोगाशी असलेला संबंधही मांडला होता. क्षयामुळेच हा आजार होतो, असे पुढे सिद्ध झाले नाही. तरीही आपल्याकडे या रुग्णांना स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाच्या तपासण्या करतात. दडलेला क्षय या औषधांनी उफाळू शकतो.

जपानी आणि भारतीय रुग्णांत एक महत्त्वाचा फरक आहे. जपानमध्ये महाधमनीच्या कमानीवर आणि मानेकडच्या फांद्यांवर आजाराचा रोख जास्त असतो. भारतात पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्या जास्त वेळा सापडतात. मूत्रपिंडाला रक्त कमी पोहोचले की ते शरीराला दाब वाढवण्याचा इशारा देते, म्हणून आपल्याकडच्या तरुण रुग्णांत उच्च रक्तदाब हे मोठे लक्षण ठरते. रक्त पातळ करण्याच्या गोळीचा विचार करताना हा फरक सतत लक्षात ठेवावा लागतो.

आजार दुर्मीळ आहे. जगभरचे आकडे दहा लाखांत वर्षाला एक-दोन नवे रुग्ण असे सांगितले जातात. बहुतेक रुग्ण चाळिशीच्या आतल्या मुली आणि स्त्रिया असतात, भारतात पुरुषांचे प्रमाण जपानपेक्षा जास्त आहे. सुरुवात फसवी असते. बारीक ताप, थकवा, वजन उतरणे, अंगदुखी, वाढलेला ईएसआर (दाह दाखवणारी रक्तचाचणी). अशा तक्रारींवर आधी रक्तवाढीच्या गोळ्या, मग टायफॉइड, मग क्षय असा प्रवास होतो आणि महिने जातात. पुढची लक्षणे मात्र बोलकी असतात. वेणी घालताना हात अर्ध्यावर भरून येतो. दोरीवर कपडे वाळत घालताना चक्कर येते. पुण्यात वारजे माळवाडीहून सुटणाऱ्या बसमध्ये वरची दांडी धरून उभे राहिले की कर्वेनगर येईपर्यंत त्या हातातली शक्ती जाते आणि दुसऱ्या हाताने दांडी धरावी लागते. हाताच्या स्नायूंना जास्त रक्त हवे असते आणि अरुंद धमनी ते पुरवू शकत नाही. काहींच्या बाबतीत हात मेंदूकडे निघालेले रक्तच मागे ओढून घेतो. कपडे वाळत घालताना येणाऱ्या चकरेचा उलगडा हा आहे.

ही शंका मिटवायला महागडे यंत्र लागत नाही. दोन्ही मनगटांची नाडी एकाच वेळी चाचपायची आणि दोन्ही दंडांवर रक्तदाब मोजायचा. वरच्या आकड्यात १० पेक्षा जास्त फरक आला, एका बाजूची नाडी मंद लागली किंवा गळपट्टीच्या हाडावर स्टेथोस्कोप ठेवल्यावर फुसफुस असा आवाज आला, तर सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी करून धमन्यांचे चित्र घ्यावे लागते. नाडी आणि दाबाची ही पाच मिनिटांची तपासणी एखाद्या तरुणीचे अर्धे अंग वाचवू शकते. ती प्रत्येक दवाखान्यात व्हायला हवी, पण बहुतेक ठिकाणी एकाच हाताचा दाब मोजून भागवले जाते.

या आजारात लकवा एकाच कारणाने येत नाही. पहिले कारण सरळ आहे. मानेतल्या धमन्या इतक्या अरुंद होतात की मेंदूच्या काही भागाला रक्त पुरत नाही. दुसरे कारण गुठळीचे. निरोगी धमनीचे अस्तर गुळगुळीत असते आणि त्याला रक्तातल्या प्लेटलेट चिकटत नाहीत. सुजलेल्या अस्तरावर त्या चिकटतात, एकमेकींना धरतात आणि गुठळी तयार होते. तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला की तिथली बारीक वाहिनी बंद पडते. तिसरे कारण हृदयाचे. झडप गळू लागली, हृदय कमजोर झाले किंवा ठोके अनियमित पडू लागले, तर गुठळी हृदयातच बनते. चौथे कारण या तिन्हींच्या उलट आहे. अफाट वाढलेल्या रक्तदाबाने मेंदूतली वाहिनी फुटते आणि रक्तस्राव होतो. पहिल्या तीन प्रकारांत गुठळी रोखणारी गोळी उपयोगी पडू शकते, चौथ्यात तीच गोळी रक्तस्राव वाढवते. दोन्हीकडे बाहेरून दिसते ते सारखेच असते, वाकडे तोंड आणि लुळा पडलेला हात.

‘रक्त पातळ करायची गोळी’ हा शब्द सोयीचा आहे, पण दिशाभूल करणारा आहे. दुधात पाणी घालावे तसे या गोळ्यांनी रक्त पातळ होत नाही. रक्ताचा दाटपणा तेवढाच राहतो, फक्त गुठळी होण्याची ताकद कमी होते. आणि या एका नावाखाली दोन वेगळी कुटुंबे येतात.

पहिले कुटुंब प्लेटलेटवर काम करते. त्यातली सर्वांत जुनी आणि स्वस्त गोळी म्हणजे ॲस्पिरिन. आपल्याकडे ती बहुधा ७५ मिलिग्रॅमच्या मात्रेत दिली जाते. प्लेटलेट एकमेकींना बोलावण्यासाठी थ्रॉम्बोक्सेन नावाचे रसायन सोडतात. ॲस्पिरिन ते तयार करणारे यंत्रच कायमचे बंद पाडते. प्लेटलेटमध्ये केंद्रक नसल्यामुळे तिला ते पुन्हा बनवता येत नाही आणि ती मरेपर्यंत, म्हणजे साधारण सात ते दहा दिवस, निकामी राहते. रोज नव्या प्लेटलेट जन्मतात, म्हणून रोज गोळी. याच कारणामुळे गोळी थांबवल्यावरही तिचा परिणाम काही दिवस टिकतो. क्लोपिडोग्रेल हे याच कुटुंबातले दुसरे औषध. अरुंद धमनीत स्टेंट बसवल्यावर काही काळ दोन्ही गोळ्या एकत्र दिल्या जातात.

दुसरे कुटुंब रक्तातल्या गोठणाऱ्या प्रथिनांवर काम करते. वॉरफरिन आणि भारतात जास्त दिले जाणारे ॲसिनोकुमारॉल ही त्यातली जुनी नावे. त्यांचा उगम अमेरिकेतल्या गुरांच्या गोठ्यात आहे. कुजलेला ‘स्वीट क्लोव्हर’ चारा खाऊन जनावरे रक्तस्रावाने मरत होती. त्या चाऱ्यातले द्रव्य विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत वेगळे केले गेले. त्यावरून बनलेले वॉरफरिन १९४८ साली उंदीर मारायचे औषध म्हणून बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांना दिले जाऊ लागले. ही औषधे ‘के’ जीवनसत्त्वाचे काम अडवतात. मात्रेतला थोडा फरकही महाग पडतो, म्हणून आयएनआर नावाची रक्तचाचणी ठरावीक दिवसांनी करावी लागते. बहुतेक रुग्णांत आकडा २ ते ३ मध्ये ठेवतात. डाबिगॅट्रान, रिव्हरोक्सॅबान आणि ॲपिक्सॅबान या नव्या गोळ्यांना ही चाचणी लागत नाही, पण त्या प्रत्येकाला चालत नाहीत. कृत्रिम धातूची झडप बसवलेल्यांना वॉरफरिनसारखीच गोळी द्यावी लागते.

सुजलेल्या धमनीतली गुठळी मुख्यतः प्लेटलेटच्या चिकटण्यातून सुरू होते. त्यामुळे ताकायासूमध्ये विचार आधी ॲस्पिरिनचा होतो. ब्राझीलमधल्या साओ पावलो येथील डॉक्टरांनी २०१० साली ४८ रुग्णांचा मागोवा प्रसिद्ध केला. प्लेटलेटवरची गोळी घेणाऱ्यांत रक्तपुरवठा तुटण्याच्या घटना बऱ्याच कमी आढळल्या. दुसऱ्या कुटुंबातल्या औषधांचा तसा फायदा दिसला नाही. अभ्यास लहान होता आणि जुन्या नोंदींवरून केलेला होता. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून केलेली मोठी चाचणी या आजारात ॲस्पिरिनसाठी झालेली नाही. त्यामुळे मार्गदर्शक तत्त्वे सावध आहेत. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ च्या शिफारशींत म्हटले की मोठ्या धमन्यांच्या दाहात अशी औषधे सरसकट देऊ नयेत. रक्तपुरवठा तुटल्याची घटना घडली असेल किंवा हृदयविकाराचा धोका जास्त असेल तर रुग्णागणिक विचार करावा. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीनुसार, आजार सक्रिय असून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या गंभीररीत्या अरुंद असतील तर ॲस्पिरिन किंवा तत्सम गोळी जोडावी. म्हणजे निदान झाले की आपोआप गोळी सुरू, असा हिशेब नाही. दुसऱ्या कुटुंबातली औषधे वेगळ्या कारणांसाठी राखलेली आहेत: अनियमित ठोके, धातूची झडप, पायाच्या शिरेतली गुठळी, किंवा गुठळ्या करणारा अँटिफॉस्फोलिपिड विकार.

वय पन्नाशीच्या पुढचे असेल तर अशाच एका भावंड-आजाराचा विचार करावा लागतो. जायंट सेल आर्टरायटिस युरोपीय वंशाच्या लोकांत जास्त आणि आपल्याकडे विरळ आढळतो. कानशिलात नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणे, विंचरताना टाळू हुळहुळणे ही त्याची लक्षणे. उपचार लांबले तर दृष्टी कायमची जाऊ शकते. इथे लकवा बहुधा मानेच्या मागून मेंदूत जाणाऱ्या धमन्यांमुळे येतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधल्या १७५ रुग्णांच्या अभ्यासात कमी मात्रेतली ॲस्पिरिन घेणाऱ्यांत असे प्रसंग कमी दिसले. पण पुढच्या अभ्यासांत एकमत नाही आणि याही आजारात ॲस्पिरिन सर्वांना देत नाहीत.

गोळी उपयोगी पडायची तर पहिली अट दाहावर उपचार करण्याची, कारण ॲस्पिरिन सूज उतरवत नाही. ७५ मिलिग्रॅमच्या मात्रेत तिचा दाहावर उल्लेखनीय परिणाम होत नाही. भिंत सुजलेलीच राहिली तर गोळी चालू असतानाही पोकळी अरुंद होत जाईल. आजार आटोक्यात आणणारे खरे औषध म्हणजे प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड. ते सुरुवातीला मोठ्या मात्रेत देतात आणि मग हळूहळू उतरवतात. त्याच्या जोडीला मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रीन किंवा मायकोफेनोलेट दिले जाते, तेवढ्याने भागले नाही तर टोसिलिझुमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शने. आजार शांत झाला आहे का, हे केवळ ईएसआरवरून कळत नाही. त्यासाठी ‘आयटास २०१०’ ही भारतीय मोजपट्टी जगभर वापरली जाते. तिच्यात नाडी, आवाज, दाब आणि लक्षणे यांतला नवा बदल नोंदवतात. अँजिओप्लास्टी किंवा बायपास शक्यतो आजार शांत असतानाच करतात, सुजलेल्या भिंतीत केलेली दुरुस्ती लवकर बिघडते.

दुसरी अट रक्तदाबाची, आणि फसगत सर्वांत जास्त इथेच होते. दोन्ही हातांच्या धमन्या अरुंद असतील तर दंडावर १००/७० असा समाधानकारक आकडा येतो. त्याच क्षणी महाधमनीत आणि मेंदूत तो १८० च्या वर असू शकतो. खोटा आकडा पाहून दाबाची गोळी बंद केली आणि ॲस्पिरिन चालू ठेवली, तर मेंदूतल्या रक्तस्रावाचीच तयारी होते. अशा रुग्णाचा दाब मांडीवर मोठा पट्टा बांधून मोजतात. पोटातली महाधमनीही अरुंद असेल तर मांडीचा आकडाही खोटा ठरतो आणि अँजिओग्राफीच्या वेळी थेट महाधमनीत दाब मोजावा लागतो. कोणत्या अवयवाचा दाब खरा मानायचा, हे प्रत्येक रुग्णाच्या फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहिलेले असावे. दोन्ही मूत्रपिंडांच्या धमन्या अरुंद असतील तर दाबाच्या काही गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात, म्हणून तीही निवड तज्ज्ञाकडे सोपवावी.

एकदा सुरू झालेली गोळी घरात सांभाळावी लागते. वारज्यासारख्या उपनगरात राहणाऱ्या रुग्णाची व्यवस्था बहुधा तीन ठिकाणी विभागलेली असते: जवळचा फॅमिली डॉक्टर, तपासण्यांसाठी वारज्यातले माई मंगेशकर किंवा एखादे जवळचे रुग्णालय, आणि संधिवात, हृदय व मेंदूच्या तज्ज्ञांसाठी एरंडवण्याचे दीनानाथ मंगेशकर किंवा पुणे स्टेशनजवळचे ससून. तिघांच्या कागदांवर तीन याद्या तयार होतात. सर्व गोळ्यांची एकच यादी मोबाइलमध्ये आणि पाकिटात असली, तर ॲस्पिरिन दोनदा लिहिली जाणे टळते.

स्टेरॉइड आणि ॲस्पिरिन एकत्र चालू असताना जठरात जखम होण्याची शक्यता वाढते, म्हणून पँटोप्राझोलसारखी गोळी जोडतात. डांबरासारखी काळी शौचास झाली, तर ते पोटातल्या रक्तस्रावाचे लक्षण असू शकते आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. पाठदुखीसाठी मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मागून घेणे इथे धोक्याचे आहे. रक्तस्राव वाढतोच, शिवाय आयब्युप्रोफेन ॲस्पिरिनचे काम अडवू शकते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतल्याने जिवावर बेतते, म्हणून ती पाकिटे रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवूच नयेत.

वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल घेणाऱ्यांना बहुतेक वेळा ‘पालेभाजी बंद’ असे सांगितले जाते. ते बरोबर नाही. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर यांत ‘के’ जीवनसत्त्व असते. खाण्याचे प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखे राहिले तर गोळीची मात्रा त्यानुसार बसते. बिघडते ते अचानक बदलाने. श्रावणात किंवा नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा आणि बटाटा खाल्ला, मग एकदम भाज्यांवर भर दिला, तर आयएनआर आधी वर आणि मग खाली जातो. अँटिबायोटिकच्या कोर्सनेही तेच घडते. या चाचणीचे रक्त फिकट निळ्या झाकणाच्या नळीत घेतात. तिच्यात आधीच सायट्रेटचे द्रावण असते आणि एक भाग द्रावणाला नऊ भाग रक्त लागते. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर आकडा चुकतो, आणि चुकलेल्या आकड्यावर मात्रा बदलली जाते. शीर सापडत नाही म्हणून अर्धी नळी घेतली गेली, तर दुसरी घ्यायला सांगण्याचा रुग्णाला अधिकार आहे.

पुण्यात जुलै ते नोव्हेंबर हे महिने डेंगीचे. मुठेच्या काठच्या वस्त्यांपासून नव्या बांधकामांच्या टाक्यांपर्यंत डास वाढतात. डेंगीत प्लेटलेट घटतात, आणि उरलेल्या प्लेटलेट ॲस्पिरिनने आधीच निकामी केलेल्या असतात. ताप आला की तापाच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांना ॲस्पिरिन चालू असल्याचे सांगावे आणि तापासाठी फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. गोळी किती दिवस थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची, हे प्लेटलेटचा आकडा आणि धमन्यांची स्थिती दोन्ही पाहून ठरते. स्टेरॉइड मात्र तापात एकदम बंद करायचे नसते. तसे केल्यास दाब कोसळू शकतो.

दात काढण्यासाठी ॲस्पिरिन सहसा थांबवत नाहीत. एका दाताच्या जागचे रक्त दाबून धरल्याने थांबते. लग्न ठरलेल्या किंवा मूल हवे असलेल्या तरुणींसाठी हा विषय आधी बोलण्याचा आहे. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट गर्भाला घातक असतात, वॉरफरिन गर्भात व्यंग निर्माण करू शकते, तर कमी मात्रेतली ॲस्पिरिन गरोदरपणात देता येते. दिवस राहिल्यावर गोळ्या बदलण्याऐवजी काही महिने आधी बदलाव्या लागतात. आजार शांत असताना आणि दाब ताब्यात असताना यातल्या अनेक स्त्रिया सुखरूप बाळंत होतात.

गोळी नियमित घेऊनही झटका येऊ शकतो. तोंड एका बाजूला ओढले जाणे, हात किंवा पाय लुळा पडणे, बोबडे बोलणे, अचानक एका डोळ्यासमोर अंधार येणे ही लक्षणे काही मिनिटांत ओसरली तरी ‘गेली चक्कर’ म्हणून घरी थांबू नये. मोठ्या झटक्याआधीचा तो इशारा असतो. अशा वेळी घरात ॲस्पिरिनची जादा गोळी देऊ नये. लकवा गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे सीटी स्कॅनशिवाय कोणालाही सांगता येत नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल व आयएनआर १.७ च्या वर असेल तर ते देता येत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि चोवीस तास सीटी स्कॅन व मेंदूविकारतज्ज्ञ असलेले रुग्णालय आधीच ठरवून ठेवावे, कारण संध्याकाळी वारजे पुलाखालची आणि कर्वे रस्त्यावरची गर्दी या साडेचार तासांतला अर्धा तास सहज खाते. सोबत गोळ्यांची पाकिटे घ्यावीत, आणि रुग्ण शेवटचा कधी ठणठणीत दिसला होता ती वेळ कागदावर लिहून घ्यावी. रुग्णालयात पहिला प्रश्न तोच विचारतात.